टॉप-अपचं आधी विचारा

प्रश्न : ताई, मी लेस्टरला राहते. लग्नाआधी पुण्यात बी.ए.ची दोन वर्षं झाली, तिसरं राहून गेलं. आता वय ४१, सहा वर्षं प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. इथल्या एका कॉलेजात सायकॉलॉजी आणि क्रिमिनॉलॉजीची (गुन्हेगारीशास्त्राची) दोन वर्षांची फाउंडेशन डिग्री आहे. हे म्हणतात, ‘फाउंडेशन म्हणजे बारावीच झाली की! आणि या वयात चोर-दरोडेखोरांच्या नादी कशाला लागतेस?’ मला पुढं तुरुंगात फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट, म्हणजे कैद्यांसोबत काम करणारी मानसशास्त्रज्ञ, व्हायचंय. रस्ता बरोबर आहे ना? — वै. के.

उत्तर : आधी तुमच्या यजमानांची शंका. बावीस वर्षं कॉलेजात शिकवताना इंग्रज आईबापांनीही मला हेच विचारलंय, त्यामुळं त्यांना हसू नका. घोळ नावाचा आहे. फाउंडेशन इयर म्हणजे पदवीआधीचं तयारीचं वर्ष, इथल्या शिक्षणाच्या पायऱ्यांत लेव्हल तीन, बारावीच्या आसपास. फाउंडेशन डिग्री वेगळी. ती २००१ मध्ये सुरू झाली. लेव्हल पाच, २४० क्रेडिट, म्हणजे ऑनर्स पदवीचा दोन तृतीयांश भाग. उरलेली १२० क्रेडिटं टॉप-अपच्या, म्हणजे पदवी पूर्ण करणाऱ्या शेवटच्या वर्षात करायची.

खरी मेख या टॉप-अपमध्येच आहे. फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट हे नाव इथं कायद्यानं राखलेलं आहे, २००९ पासून एचसीपीसी या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही. तिथवर जायचं तर ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली ऑनर्स पदवी हवी, तीही निदान सेकंड क्लास. मग फॉरेन्सिक सायकॉलॉजीची मास्टर्स आणि त्यानंतर देखरेखीखाली काही वर्षांचं काम. नुसत्या फाउंडेशन डिग्रीवर ही मान्यता मिळत नाही. माझी एक विद्यार्थिनी दोन वर्षं छान शिकली, टॉप-अपही केलं, आणि शेवटी कळलं की त्या टॉप-अपला सोसायटीची मान्यताच नव्हती. पत्रकात ‘सायकॉलॉजी’ मोठ्या अक्षरांत होतं, बाकी सगळं तिनं गृहीत धरलं होतं. पुढं तिनं कन्व्हर्जन मास्टर्स, म्हणजे मान्यता नसलेल्या पदवीची कसर भरून काढणारा कोर्स, करून वाट काढली, पण वर्ष आणि पैसे गेलेच. म्हणून ओपन डेला गेलात की चहाबिस्किटांच्या आधी विचारा : टॉप-अप कोणत्या विद्यापीठात, आणि त्याला मान्यता आहे का? उत्तर ईमेलवर मागा.

आता अभ्यासाचं. हे दोन विषय एकत्र घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. सायकॉलॉजीच्या तासाला तुम्ही लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग शिकाल. अपघाताच्या त्याच फिल्म दाखवून विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती? सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल. ‘आदळल्या’च्या जागी नुसतं ‘टेकल्या’ म्हटलं तर ३१.८. एका क्रियापदानं साक्षीदाराची आठवण नऊ मैलांनी हलली! हे डोक्यात असलं की गिल्डफर्ड फोर, म्हणजे गिल्डफर्डच्या पबमधल्या बॉम्बस्फोटांसाठी चुकून दोषी ठरवलेले चौघं, वेगळे दिसतात. पोलिसांपुढच्या कबुलीजबाबांवर १९७५ मध्ये जन्मठेप, आणि १९८९ मध्ये शिक्षा रद्द. माणूस न केलेला गुन्हा कबूल कसा करतो, हे पूर्वी आइसलंडच्या पोलिसात असलेल्या गुडजॉनसन या मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर तपासलं.

आणि क्रिमिनॉलॉजी विचारते, मुळात याला गुन्हेगार ठरवलं कुणी? वर्गात लेबलिंग थिअरी, म्हणजे समाजानं मारलेला शिक्काच माणसाला गुन्हेगार बनवतो हे मत, आली की पोरं पेन चावत बसायची. मी सोलापूरची. आमच्या गावात सेटलमेंट हे एका भागाचं नाव आहे. लहानपणी ते नाव कुठून आलं ते ठाऊक नव्हतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, पुढं तो मुंबई इलाख्यालाही लागला, आणि पारध्यांसारख्या लोकांना तारेच्या कुंपणातल्या वस्तीत, म्हणजेच सेटलमेंटमध्ये, ठेवून हजेरी घेतली. कायदा गेला १९५२ मध्ये. शिक्का अजून गेलेला नाही. गावात चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या पालावर जातात, ते तुम्हालाही माहीत आहे. एवढं सांगितलं की इंग्रज पोरांनाही थिअरी कळायची. हा वर्ग तुमच्यासारखीला जड जाणार नाही.

जड जाईल ते स्टॅटिस्टिक्स. टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणं), कोरिलेशन (दोन गोष्टींचा संबंध मोजणं), आणि कॉम्प्युटरवर तासन् तास आकडे. यापायी पहिल्याच वर्षी पळालेले मी पाहिलेत. उन्हाळ्यात मुलांच्या जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, गणिताची पुस्तकं चाळून ठेवा.

फाउंडेशन डिग्रीत प्रत्यक्ष कामाचाही भाग असतो. तुमच्या शाळेतल्या, वर्गात टिकत नाहीत अशा दोन-चार पोरांसोबतचं काम त्यात धरता येतं का, हे विचारायला विसरू नका. आणि यजमानांना सांगा, तुरुंगात जायचंय ते नोकरीला, आणि तेही बऱ्याच वर्षांनी.

एक राहिलं. पुण्याच्या दोन वर्षांच्या मार्कशीट माहेरी कुठल्या ट्रंकेत असतील तर मागवून घ्या. थोडी क्रेडिटं धरतात का ते कॉलेजला विचारता येईल. नाही धरली तरी अर्जाच्या वेळी त्या लागू शकतात.