मेसमधलं अन्न वाया जातंय, काय करू?

प्रश्न: ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, होस्टेलवर राहतो. आमच्या मेसमध्ये रोज इतकं अन्न फेकलं जातं की बघवत नाही, रविवारच्या फीस्टला तर पुलावाचं अर्धं पातेलं जातं. आम्ही काही जणांनी मिळून पोस्टर्स लावली, थोडे दिवस फरक पडला, मग परत तेच. मुलं म्हणतात आम्ही पैसे भरलेत, मेसवाले काका म्हणतात कमी केलं आणि संपलं तर शिव्या मलाच पडतात. उरलेलं जवळच्या वस्तीत नेऊन द्यावं असंही डोक्यात आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: पोस्टर राहू दे, पण आधी हे बघ की जे फेकलं जातं ते ताटातलं आहे की पातेल्यातलं, कारण दोन्हीची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. आठवडाभर दोन्ही जेवणांनंतर खरकट्याची बादली आणि उरलेली पातेली वेगवेगळी वजन करा, साधा लटकवायचा काटा चालेल, आणि वजनासमोर त्या दिवशीची भाजी कुठली होती तेही लिहा.

पातेल्यात उरतं ते बहुतेक वेळा आकडा चुकतो म्हणून. शुक्रवारी निम्मी पोरं गावाला जातात, सबमिशनच्या दिवसात बाहेर वडापाव खातात, आणि काका मात्र पैसे भरलेल्या सगळ्यांचा स्वयंपाक करतात. तेव्हा खाडा आदल्या रात्रीच ग्रुपवर टाकायचा आणि तो बिलातून वजा व्हायचा, एवढं काकांशी ठरवून घ्या. पैसे वजा होणार नसतील तर कोणीही कळवणार नाही, स्पष्ट सांगते. काकांचाही तांदूळ, तेल, गॅस वाचतो, त्यामुळे ते ऐकतील असं मला वाटतं.

ताटातलं उष्टं मुलं माजलीत म्हणून पडतं असं मला नाही वाटत. रांग मोठी असते, चांगली भाजी नंतर मिळणार नाही अशी धास्ती असते, म्हणून पहिल्यांदाच ताट भरून घेतात. दुसऱ्यांदा घेणाऱ्यांसाठी वेगळी रांग करा, पळी लहान ठेवा, मागेल त्याला अर्धी पोळी द्या. आणि तुमच्या वहीत दुधीच्या दिवशी दर वेळी बादली जड दिसली तर पोरांना झापण्यापेक्षा दुधीच बदला ना!

आता वस्तीत द्यायचं. फक्त पातेल्यातलं, कोणाच्या ताटात न गेलेलं, आणि ते सुद्धा ताजं. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात, त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही, म्हणून शिजल्यापासून दोन तासांत ते लोकांच्या हातात पडलं पाहिजे, नाहीतर तोपर्यंत 60 डिग्रीच्या वर गरम ठेवा. डब्यावर पदार्थाचं नाव आणि शिजवल्याची वेळ लिहा. उद्या देऊ म्हणून ठेवलेलं अन्न कोणालाच देऊ नका, गरीब माणूसही आजारी पडतो आणि त्याची रोजंदारी बुडते. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने 2019 मध्ये अशा वाटपासाठी नियम केलेत, ते काकांना दाखवा, आणि स्वतः धावपळ करण्याआधी रॉबिन हूड आर्मीसारख्यांना विचारा, ते 2014 पासून स्वयंसेवकांच्या जोरावर हेच काम करतायत. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2011 मध्ये कँटीनमधलं उरलेलं पोचवायला सुरुवात केली, त्यातून फूड रिकव्हरी नेटवर्क उभं राहिलं आणि कितीतरी कॉलेजांत पसरलं, म्हणजे पोरांना हे जमतं.

एवढं करूनही खरकटं थोडं उरणारच. त्यासाठी कॉलेजकडे बायोगॅसचा आग्रह धरा, पुण्यातल्याच 'आरती' संस्थेने स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारा छोटा प्लांट तयार केलाय. केवढा प्लांट लागेल हे कॉलेज विचारेलच, तेव्हा तुमची वजनाची वही पुढे करा.