‘एका माणसासाठी काय कुकर लावायचा?’

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या खाण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेते आहे. आहारतज्ज्ञ म्हणून मी रोज ज्यांना भेटते, त्यांचेच हे प्रश्न आहेत.

प्रश्न : मी 73 वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते. हे जाऊन चार वर्षं झाली. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वरण-भात, रात्री पोळी दुधात कुस्करून. वर्षात वजन 52 किलोवरून 47 वर आलं. जिन्यात मध्येच बसावं लागतं. वयामुळेच ना?

नाही हो. वयावर ढकलून मोकळं होऊ नका. 52 चे 47 म्हणजे जवळजवळ दहा टक्के उतार, तोही काही न ठरवता. वर्षात पाच टक्के उतरलं तरी आम्ही सावध होतो. 2001 साली अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हातारपणातली क्षीणता ओळखायला पाच खुणा मांडल्या: आपोआप घटणारं वजन, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन खुणा असल्या तर क्षीणता आलेली आहे, एक-दोन असल्या तर माणूस तिच्या उंबरठ्यावर आहे. तुमच्या पत्रात दोन तर स्पष्ट दिसतात.

म्हणून आधी डॉक्टर. थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्या. जुना खोकला किंवा पोटाची तक्रार असेल तर न लपवता सांगा. मन उदास असेल तर तेही सांगा, त्यानेही भूक मरते.

आता ताटाकडे येऊ. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुम्हाला 47 ते 56 ग्रॅम. तुमचं दिवसाचं खाणं मी जोखून पाहिलं, ते जेमतेम वीस-बावीस ग्रॅम भरतं. उरलेली गरज शरीर तुमच्याच मांड्यांच्या स्नायूंतून भागवतं, आणि मग जिन्यात बसावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात मी एका आजींच्या घरी गेले होते. फ्रिजमध्ये स्टीलच्या तीन वाट्या होत्या. एकीत परवाचा भात, एकीत लिंबाचं लोणचं, तिसरीत साय. वरच्या फळीवर नातवासाठी आणलेले काजू-बदाम होते, पाकीट न फोडलेलं, मुदत उलटून गेलेली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. स्वयंपाकाचं विचारलं तर म्हणाल्या, ‘एका माणसासाठी काय कुकर लावायचा?’ पन्नास वर्षं दहा माणसांचा स्वयंपाक केलेली बाई स्वतःसाठी गॅस पेटवायला संकोचत होती. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता वजनाच्या आधी मी तेच ऐकायला कान देते.

तर कुकर लावाच. मूठभर डाळीचं घट्ट वरण केलंत तर सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. पाण्यासारखं पातळ केलंत तर पोट भरतं, पण प्रथिनं मिळत नाहीत. पाव लिटर दुधात आठ ग्रॅम, एका अंड्यात सहा, मूठभर भाजलेल्या दाण्यांत सात आणि पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. बिस्किटाच्या जागी दूध आणि दाण्याचा लाडू घ्या. मटकी, मूग भिजवून मोड आणून ठेवा, दोन दिवस पुरतात. रात्रीच्या दूध-पोळीबरोबर वाटीभर उसळ किंवा एक अंडं असू द्या. सगळं एकाच जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळी थोडं थोडं यायला हवं. चहा जेवणाला लागून नको, त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

प्रश्न : माझे बाबा (79) डोंबिवलीत एकटे असतात, मी अबुधाबीत. वीस वर्षांचा मधुमेह, गोळ्या चालू. भात, बटाटा, फळं सगळं बंद केलंय. फोनवर ‘जेवलो’ म्हणतात. या महिन्यात दोनदा संध्याकाळी दरदरून घाम येऊन चक्कर आली.

हे पत्र वाचून मला काळजी वाटली. गोळी घेतली आणि जेवण टाळलं किंवा अर्धवट झालं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. घाम, थरथर, चक्कर ही त्याचीच लक्षणं असू शकतात. याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांशी बोला आणि जेवणाच्या वेळा, गोळ्यांची नावं, चक्कर कधी आली हे सगळं सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. पण या वयात, अशक्तपणा असताना साखरेचं लक्ष्य थोडं सैल ठेवतात. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी तपासणी) आठ टक्क्यांच्या आसपास चालू शकते का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. साठीत घातलेलं पथ्य ऐंशीत तसंच पाळलं तर माणूस झिजतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी भूकही मंदावते आणि बी-12 कमी होतं, तेही तपासायला सांगा.

घाम फुटला की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि मग लगेच काही खायचं. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायला सांगा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ रुग्णवाहिका बोलवायची. हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

आणि फोनवर ‘जेवलात का’ विचारू नका. त्याला ‘हो’शिवाय उत्तरच नसतं. ‘ताट दाखवा’ म्हणा. पँटचा पट्टा कितव्या भोकात आलाय ते बघा. जमलं तर रोज एक जेवण व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकत्र जेवा. पोळी-भाजी केंद्राचा डबा लावला असेल तरी त्यात डाळ किंवा उसळ किती येते हे एकदा डोळ्यांनी पाहा.

प्रश्न : कवळी टोचते म्हणून मऊ भातच खातो. वय 76, रत्नागिरी.

वजन उतरलं की हिरड्याही बसतात आणि जुनी कवळी सैल होते. दंतवैद्याकडून ती बसवून घ्या, हे काम पुढे ढकलू नका. तोवर मुगाची आसट खिचडी वर दही घालून, पिठलं, अंडाभुर्जी, दूध घालून नाचणीची खीर. मासे खात असाल तर तुमच्याकडे काही कमी नाही, बांगड्याचं कालवण काटे काढून भातात कालवा.

प्रश्न : चातुर्मासात एकादशी, संकष्टी, सोमवार असे उपवास करते. 70 वर्षं, रक्तदाबाची गोळी चालू. मैत्रिणी सोड म्हणतात.

तुमची श्रद्धा मला मोडायची नाही. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, तो निव्वळ पिष्ट आहे. एका उपवासाने काही बिघडत नाही, पण तुमचे महिन्यातले सात-आठ दिवस असे जातात. फराळात राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, दूध असू द्या. निर्जळी मात्र नको. या वयात तहानेची जाणीव बोथट होते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीतून पाणी व मीठ जातं. मग उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. आठवड्याला एकच उपवास ठेवता येईल का, एवढा विचार करा.

प्रश्न : शेजारचे काका (81) एकटे आहेत. महिन्याभरात खूप वाळलेत. डबा नेला तर ‘झालंय जेवण’ म्हणून दार लावतात.

डबा त्यांना उपकार वाटतो. कुणाच्या दारात न गेलेला माणूस या वयात वाटी कशी घेईल? त्याऐवजी त्यांच्याकडे काम घेऊन जा. वालाच्या शेंगा सोलायला द्या, पोराचं गणित घ्यायला बोलवा, आणि पानं वाढली की ‘आता बसाच’ म्हणा. समोर कुणी असलं की दोन घास जास्त जातात, हे मी माझ्या रुग्णांमध्ये नेहमी पाहते. जमलं तर खुर्चीत बसून हात न टेकता पाच वेळा उठा-बसायला सांगा, जवळ उभे राहा. बारा सेकंदांहून जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झाली आहे असं समजतात. मग हेच उठणं-बसणं सकाळ-संध्याकाळ, झेपेल तेवढं, आधाराला भिंत ठेवून. नुसत्या खाण्याने स्नायू परतत नाहीत, त्यांना कामही लागतं.

महिन्यात इतके वाळलेत म्हणजे डॉक्टरांना दाखवायला हवंच. गावातल्या त्यांच्या माणसांना कळवा. कुणीच नसेल तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. दोन दिवस दार उघडलं नाही तर मात्र शेंगांची वाट बघू नका, आवाज देऊन आत जा.