३४० मिमीचं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर पाण्यानं थंड करणारा ३६० चा रेडिएटर, दोन्ही मावेल असं ऐसपैस कॅबिनेट कसं निवडावं?

फुल टॉवरच, म्हणजे सगळ्यात उंच कॅबिनेट, घ्यावा लागेल की मधल्या आकाराच्या मिड टॉवरमध्ये भागेल, असं तुम्ही विचारलंय. खोक्यावर 'ग्राफिक्स कार्ड ३६० मिमीपर्यंत' लिहिलेलं एक कॅबिनेट तुम्ही हेरूनही ठेवलंय. ते घेऊ नका. रेडिएटर पुढे लावणार असाल तर अजिबात घेऊ नका. मी घेतलं होतं. खरं तर मला घ्यायला लावलं होतं.

आमच्याकडे कॉम्प्युटरमधलं सगळं दाजींना कळतं. ताईचं लग्न झाल्यापासून घरातलं प्रत्येक मशीन त्यांनीच जोडलंय, आणि चांगलं जोडलंय, ते मी नाकारत नाही. पण कॅबिनेटबद्दल त्यांचं मत ठाम: "पत्र्याचा डबा आहे रे तो. डब्यानं कधी फ्रेम वाढतात का? पैसे कार्डात घाल." (फ्रेम म्हणजे खेळात सेकंदाला दिसणारी चित्रं.) दाजींचं हे तत्त्वज्ञान साधारण २०१६ सालचं. तेव्हा ते बरोबरही होतं. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० चं मूळ कार्ड २६७ मिमी लांब आणि १८० वॅटचं. ते कुठल्याही डब्यात जायचं. २०२२ चं आरटीएक्स ४०९०, तेही एनव्हिडियाचं स्वतःचं, म्हणजे त्यातल्या त्यात आटोपशीर, ३०४ मिमी लांब, १३७ उंच, ६१ जाड आणि ४५० वॅटचं. इतर कंपन्यांची काही तर ३५० च्याही पुढे जातात. डबा तोच आणि आत बसणारा पाहुणा दुप्पट, अशी गत.

माझं कार्ड ३३६ मिमीचं. कॅबिनेटवर ३६०. दाजी म्हणाले, "चोवीस मिलिमीटर शिल्लक आहेत, अजून काय पाहिजे?" मीही मान डोलावली.

तो ३६० चा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या कॅबिनेटचा असतो, मागच्या स्लॉटपासून पुढच्या पत्र्यापर्यंत, मधे काही नसताना. नेहमीचा रेडिएटर २७ मिमी जाड, त्याला लागलेला पंखा २५ मिमी. झाले ५२. उरले ३०८. कार्ड २८ मिमीनं बाहेर.

तिथून पुढचे चार तास मला अजून आठवतात. दाजींनी पुढचं जाळीचं पॅनल काढलं आणि पंखे पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला लावले. रेडिएटर आत, पंखे बाहेर. युक्ती उत्तम होती, २५ मिमी मिळाले. झाले ३३३. तीन मिलिमीटरनं अडलं. मग रेडिएटर वर छताला लावून पाहिला, तर तो रॅमवर टेकला. माझ्या रॅमच्या पट्ट्या दिव्यांच्या, ४४ मिमी उंच, आणि कॅबिनेटच्या माहितीत बारीक अक्षरात 'वर रेडिएटर असल्यास रॅम ३५ मिमीपर्यंत' असं लिहिलेलं. ते आम्ही वाचलं रात्री अकरा वाजता. दाजींनी कानस आणायला सांगितली. मी आणली नाही. कुठे ठेवलीय ते ठाऊक असूनही सापडत नाही म्हणालो.

शेवटी रेडिएटर गेला माळ्यावर, प्रोसेसरवर जुना हवेचा कूलर चढला, पंखे पत्र्याच्या बाहेरच राहिले आणि कार्ड एकदाचं बसलं. आता बाजूची काच लागेना.

लांबी सगळे बघतात, उंची कुणी बघत नाही, म्हणून हे नीट वाचा. कार्डाची उंची म्हणजे मदरबोर्डपासून काचेच्या दिशेला येणारं माप. माझ्या कार्डाचं १४०. त्यावर तो वीज आणणारा १६ पिनांचा कनेक्टर, आणि त्यातून निघालेली केबल ३५ मिमी तरी सरळ जाऊ द्यावी, मगच वळवावी. म्हणजे १७५. कॅबिनेटची आतली रुंदी सहसा सरळ दिलेली नसते. पण प्रोसेसर कूलरची कमाल उंची दिलेली असते, तिच्यावरून अंदाज येतो. माझ्या कॅबिनेटला ती होती १६०. दोन्ही मापं वेगवेगळ्या जागेपासून सुरू होतात, तेव्हा दहा-एक मिमी इकडेतिकडे धरा, तरी हिशोब बसत नव्हताच. दाजींनी गुडघा लावून काच दाबली आणि स्क्रू पिळले. "बघ, बसलं."

तीन आठवड्यांनी खेळताना पडदा काळा झाला आणि कार्डाचे पंखे बोंबलायला लागले. काच काढली तर कनेक्टर एका बाजूनं वर आलेला, एका कोपऱ्यात प्लॅस्टिक पिवळसर पडलेलं. कार्ड वाचलं, केबल टाकून दिली. ४०९० बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच वितळलेल्या कनेक्टरचे फोटो फिरायला लागले होते, आणि एनव्हिडियानं कनेक्टर पूर्ण न बसणं हे वारंवार दिसणारं कारण सांगितलं होतं. पुढे त्या कनेक्टरची सुधारित आवृत्ती आली. पण काचेनं दाबलेल्या केबलला कुठलीच आवृत्ती पुरी पडत नाही. मी दाजींना फोटो पाठवला. उत्तर आलं: "केबल हलकी होती."

तर तुमचं गणित. ३४० चं कार्ड, पुढे रेडिएटर: ३४० अधिक ५२, आणि हात घालायला थोडी जागा. रिकाम्या कॅबिनेटचा आकडा ४०५-४१० च्या खाली असेल तर पुढचं पानच उलटू नका. मात्र मी म्हणेन, रेडिएटर वर लावा. पुढे लावला की प्रोसेसरची गरम हवा कार्डावर येते, आणि ४५० वॅटचं कार्ड आधीच तापलेलं असतं. वर लावला तर कार्डाची गरम हवा रेडिएटरमधून जाते, प्रोसेसर थोडा जास्त तापतो, पण त्याला ते झेपतं. मग लांबीला ३६५-३७० पुष्कळ झालं, फक्त छत आणि मदरबोर्ड यांच्यातली जागा आणि रॅमची उंची बघा. पाणी फिरवणारा पंप रेडिएटरच्या वरच्या टोकापेक्षा उंच येता कामा नये, एवढं तुम्हाला माहीत असेलच.

जाडीही बघा. एक स्लॉट, म्हणजे कार्डासाठी मागे असलेली एक खाच, २०.३२ मिमीचा, म्हणजे साडेतीन स्लॉटचं कार्ड ७१ मिमी. त्याच्या पोटाखाली पॉवर सप्लायचं झाकण लगेच आलं तर कार्डाचे पंखे पत्रा चाटत बसतात. काही जण कार्ड मदरबोर्डापासून लांब नेणारी राइझर केबल लावून उभं करतात, फोटो सुंदर येतो. काचेपासून बोटभर अंतरावर तोंड करून उभं राहिलेलं कार्ड श्वास कुठून घेणार, हे त्या फोटोत दिसत नाही.

आता हवा. कार्ड आणि प्रोसेसर मिळून ६०० वॅट धरा. ही उष्णता बाहेर काढताना हवा फक्त १० अंशांनी तापावी असं वाटत असेल तर सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा आरपार जायला हवी. पुढे अखंड काच आणि कडेला बोटभर फट असलेल्या कॅबिनेटमधून ती जात नाही, मग आत सहा पंखे लावा की नऊ. मोकळी जाळी, मोठे पंखे, कमी फेरे. टॉरेंट नावाचं फ्रॅक्टल डिझाइनचं कॅबिनेट बघा, पुढे १८० मिमीचे दोन पंखे आहेत, नुसतं बघूनही कल्पना येईल. लिआन ली ओ११ डायनॅमिकच्या धाटणीची, पॉवर सप्लाय मागच्या वेगळ्या कप्प्यात ढकललेली रुंद कॅबिनेटंही केबलच्या वळणासाठी चांगली. त्यांत पुढे काच असते हे खरं, पण हवा बाजूनं आणि खालून घेतात, तेव्हा तिथले पंखे कंजुषी करून वगळू नका.

मी पुढे घेतलं ते रुंद, जाळीवालं, मिड टॉवरच. फुल टॉवर नव्हे. ऐसपैसपणा लिटरमध्ये मोजू नका, तुमचं कार्ड जिथे अडणार त्या तीन जागांवर मोजा: लांबी, उंची, जाडी. त्याच कार्डाचं तापमान ८१ वरून ६७ वर आलं, आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा बंद झाला. आता दाजींनी सांगावं डब्यानं काय होतं ते. एरवी फ्रेम वाढत नाहीत, हे त्यांचं मात्र खरं. माझ्या फ्रेम वाढल्या त्या कार्ड आधी गुदमरून वेग कमी करत होतं म्हणून.

हे सगळं मोठ्या कार्डापुरतं. तुमचं कार्ड ३०० च्या आतलं आणि दोनशे-अडीचशे वॅटचं असेल तर दाजींचं ऐका, कुठलाही जाळीचा डबा चालेल. काही कंपन्या लांबीचे दोन आकडे देतात, रेडिएटरसह आणि रेडिएटरशिवाय, तेव्हा कुठला वाचताय ते बघा. दोन-दोन किलोच्या कार्डाला खालून टेकू द्या, तो बऱ्याचदा खोक्यात मिळतो आणि लोक तसाच ठेवून देतात. आणि कार्ड हातात असेल तर खोक्यावरच्या मापावर विसंबू नका, स्वतः मोजा, मागच्या, पडद्याची वायर जिथे लागते त्या धातूच्या पट्टीसकट.

पट्टीसकट म्हणतोय, कारण दाजी आजही म्हणतात की कार्ड ३३३ चं होतं आणि मीच नीट ढकललं नाही. तुम्ही ते पट्टी सोडून मोजलं होतं, दाजी. ३३६.