घरी चामड्याचं चिलखत बनवायचंय, कोणतं चामडं घेऊ आणि खर्च किती येईल?

तुम्ही विचारलंय की नाटकाच्या ग्रुपसाठी घरीच चामड्याचं चिलखत बनवायचंय, चामडं कोणतं घेऊ, खर्च किती, आणि घरचे म्हणून राहिले की चामडं घरात आणू नको, फोमचं कर. पहिले दोन प्रश्न सोपे आहेत. मी लिहायला बसलो ते तिसऱ्या गोष्टीसाठी, कारण हाच वाद माझ्या घरी चार वर्षांपासून सुरू आहे.

चामडं म्हशीचं घ्या, बाभळीच्या सालीत नाहीतर हिरड्यात कमावलेलं, जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर. बैलाचं शोधत बसू नका, 2015 पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि तसंही जाड पाहिजे तर म्हशीचंच बरं. सोफा-जॅकेटवालं क्रोमचं चामडं (क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं) फुकट मिळालं तरी नको, ते गरम पाण्यात टाकून कडक होत नाही आणि चिलखताचं सगळं काम त्या कडक होण्यावरच आहे. कड कापून पाहा, आत निळसर-राखाडी दिसलं की क्रोम. आपल्या कामाचं चामडं आरपार तपकिरी असतं, वर पाण्याचा थेंब टाकला की पिऊन घेतं आणि तिथे गडद होतं. दुकानात ‘तळाचं चामडं’ म्हणून मागा, कोल्हापुरी चपलेचा तळ असतो तसलं. इथे नाही मिळालं तर कानपूरहून मागवा, तिथे खोगिरासाठी असलं जाड चामडं बनतं.

आता माझं सांगतो. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. जातीने चांभार. आजोबा गावाकडे मोटा शिवायचे, विहिरीवर बैल लावून पाणी काढायची ती चामड्याची मोट, आणि त्यांची शिवलेली मोट गळत नव्हती असं गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. पंप आले, मोटा गेल्या, वडील शिकले, नागपुरात क्लार्क म्हणून लागले आणि त्यांनी त्या कामाकडे परत पाहिलं नाही. आमच्या घरात चपलेचा अंगठा तुटला तरी तो बाहेर नेऊन शिवायचा, घरी नाही, असा नियम होता. मी लहान असताना मला वाटायचं हा स्वच्छतेचा नियम आहे.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी चिलखत करायला घेतलं. नमुना पट्ट्यांचा, म्हणजे 3 बाय 8 सेंटिमीटरच्या छोट्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून वादीने (चामड्याच्या बारीक दोरीने) ओवायच्या, एका रांगेत 25 आणि अशा 7 रांगा, म्हणजे नुसत्या पुढच्या बाजूला 175 पट्ट्या आणि प्रत्येकीला 6 भोकं धरली तर 1050 भोकं. अर्ध्या पट्ट्या कापून झाल्या आणि मी त्या स्वयंपाकघरात गॅसवर खळखळ उकळत्या पाण्यात टाकल्या, कारण ‘उकळलेलं चामडं’ असं कुठेतरी वाचलं होतं. दोन मिनिटांत पट्ट्या आक्रसून निम्म्या झाल्या, वाकवल्या की बिस्किटासारख्या तुटायच्या, आणि घरभर वास. वडील बाहेरून आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, “हे आपण कायले सोडलं माहीत हाय का तुले? या वासापायी माह्या बाजूले शाळेत कोणी बसत नव्हतं.” मी म्हटलं बाबा ही हॉबी आहे. ते म्हणाले, हॉबी ज्याले लोक हसत नाही त्याची असते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी काम थांबवलं नाही, गच्चीवर नेलं. तिथे दुसरी चूक झाली, ओल्या पट्ट्या टिनावर उन्हात ठेवल्या. मे महिन्यातलं आपलं 45 डिग्री ऊन, दुपारपर्यंत सगळ्या पापडासारख्या वळल्या आणि कडांना चिरा. मग सीताबर्डीतल्या एका म्हाताऱ्या मोचीकाकांकडे जाऊन बसलो, त्यांनी एक चहा घेतला आणि सगळं सांगितलं. पाणी उकळायचं नाही, ज्यात बोट ठेवता येत नाही एवढंच गरम पाहिजे (मी नंतर थर्मामीटर लावून पाहिलं, 80 डिग्रीच्या आसपास). चामडं आधी साध्या पाण्यात भिजवायचं, मग गरम पाण्यात अर्धा मिनिट, आक्रसायला लागलं की लगेच बाहेर. मऊ आहे तोवर आकार द्यायचा, आणि सावलीत दोन पाट्यांमध्ये दाबून रात्रभर ठेवायचं. आक्रसतंच, म्हणून आधीच मोठं कापायचं, आणि आपल्याच चामड्याचा एक तुकडा बुडवून किती कमी होतं ते मोजून मग बाकीचं कापायचं. भोकं गरम पाण्यानंतर पाडायची, आधी पाडली तर जागा सरकतात. वादी ओवायची भोकं पंचने गोल, पण जिथे शिवायचं तिथे आरीच (चामडं टोचायचं टोकदार हत्यार), मेण लावलेला दोरा आणि दोन्ही बाजूंनी दोन सुया.

आरी मला घरातच मिळाली. आईने ट्रंकेतून काढून दिली, आजोबांची आरी आणि चामडं कापायची रापी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. ज्या माणसाला चामड्याचा वास सहन होत नाही त्याने ही हत्यारं भंगारात का दिली नाहीत, हे मी वडिलांना अजून विचारलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वडिलांनी ते काम सोडलं ते बरोबरच केलं, कारण ते त्यांनी निवडलं नव्हतं, ते त्यांच्यावर लादलेलं होतं आणि वरून त्याच कामासाठी त्यांना दूर बसवलं जात होतं. पण लादलेलं सोडणं वेगळं आणि हातातलं कसब विसरणं वेगळं. गळणार नाही अशी मोट शिवणारा माणूस कारागीर होता आणि मी त्याचा नातू आहे हे मी सगळ्यांसमोर सांगतो. तुमच्या घरचे कोणत्या कारणाने नको म्हणून राहिले ते तुम्ही लिहिलं नाही. नुसत्या वासाचं असेल तर गच्चीवर करा. पण ‘हे आपलं काम नाही’ असं म्हणत असतील तर त्यांना विचारा की मग पायातली चप्पल कोणाचं काम आहे. फोम वाईट नाही, हलका असतो, पण ‘चामड्यासारखं दिसतं’ एवढ्यासाठी चामडं टाळायचं हे मला पटत नाही.

नाटक कोणतं ते कळलं नाही. मराठा सैनिकाचं असेल तर अंगभर चामड्याचं चिलखत दाखवू नका. आपल्याकडे कड्यांचं लोखंडी चिलखत होतं, चामड्याची असायची ती ढाल, गेंड्याच्या नाहीतर म्हशीच्या कातडीची. नागपूरच्या अजब बंगल्यात जाऊन शस्त्रांचं दालन पाहून या, 1863 चं म्युझियम आहे, घरापासून जवळ असून आपण कोणी जात नाही. ओवलेल्या पट्ट्यांचा प्रकार मध्य आशियातला आणि जपानमधला.

खर्चाचं राहिलंच. भावाचा आकडा मी देत नाही, चामडं किती लागेल ते सांगतो. माझ्या पुढच्या बाजूला पट्ट्यांचं क्षेत्रफळ साडेचार चौरस फूट होतं, आक्रसणं आणि वाया जाणं धरून सात चौरस फूट तरी घ्या. तळाचं चामडं बरेचदा किलोवर विकतात, फुटावर नाही, म्हणून भाव विचारताना दोन्ही विचारा. तयार झाल्यावर पुढचा भाग साधारण दीड किलो भरतो. पण आधी फक्त मनगटाचं एक करून पाहा, सगळं एकदम घेऊ नका.

आणि हो, काही जण कडक करायला गरम मेण पाजतात, नागपुरात ते करू नका, मधमाशीचं मेण साठ-पासष्ट डिग्रीला वितळतं, उन्हात उभ्या गाडीत ठेवलेलं चिलखत मऊ पडेल. पावसाळ्यात बुरशी येते, महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. पाणी तापवायचं भांडं वेगळं ठेवा, ते परत स्वयंपाकात घेऊ नका. आणि हे नाटकापुरतं आहे, खऱ्या तलवारीसमोर उभं राहायचं नाही.