टुरिस्ट व्हिसाची ती एक ओळ

‘ताई, मी कळव्याला राहते. वय २७, बी.एड. झालंय, ठाण्यातल्या एका शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकवतेय. थायलंडला एका शाळेत वर्षभराची नोकरी मिळतेय. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, दादा पुण्याला असतो, आई एकटी पडेल. तिला अजून बोलले नाही. मामीचं लग्नाचं टुमणं चालूच आहे. एजंट दीड लाख मागतोय. म्हणतो, आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ. आईला कसं सांगू?’

– एक कळवेकरीण

अगं, सगळं पत्र आईवर आणि एजंटला जेमतेम दोन ओळी! मला घोर लागला तो त्या ओळींचा.

व्हिसा तिकडे कधीकधी बदलून मिळतोही. पण तो आणि वर्क परमिट हातात येण्याआधी वर्गात उभी राहिलीस, तर ते बेकायदा काम. दंड भरायचा तू, परत पाठवणार तुला, एजंट इथेच. सरळ रस्ता असा, की शाळेने कागद पाठवायचे, त्यावर तू इथूनच नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठीचा व्हिसा घ्यायचा आणि मग निघायचं. शाळा कागद द्यायला कां कूं करत असेल, तर ती शाळा आहे का, हेच आधी बघ. २०२५च्या मार्चमध्ये वायुदलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. नोकरीच्या आमिषाने नेऊन त्यांना म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकवलं होतं. तुझा एजंट तसलाच आहे असं मी म्हणत नाही. पण नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव शोध आणि दीड लाख कसले, ते लेखी माग.

करारात आणखी एक पाहा. तिकडची शाळा मेच्या मध्याला सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. पगार बारा महिन्यांचा की दहा? एप्रिलला घरभाडं कशातून भरणार? पोलीस क्लिअरन्स मागितला, तर पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरूनच अर्ज करायचा. पदवीच्या अटेस्टेशनला मात्र वेळ लागतो, ते आजच सुरू कर.

मामीचं सोड. वर्षभराने टुमणं तेच असेल.

आता आई. ‘जाऊ का?’ असं विचारू नकोस, ती ‘जा’च म्हणेल आणि रात्री जागी राहील. करारपत्र, शाळेचा पत्ता, पगाराचा आकडा, परतीची तारीख, सगळं तिच्यासमोर ठेव. बाबांच्या मागे पेन्शनची आणि बँकेची कागदपत्रं तिनेच निस्तरली असतील, तिला कागद कळतात. दादाला मात्र आधी फोन कर. महिन्यातून एक शनिवार-रविवार कळव्याला यायचं, हे त्याच्याकडून कबूल करून घे. ‘बघतो’ म्हणाला तर ते कबूल नव्हे. गॅसचं बुकिंग, सोसायटीचा मेंटेनन्स, बीपीच्या गोळ्या हे तू असतानाच आईला महिनाभर एकटीने करू दे. जमतंय की नाही ते तुलाही दिसेल, तिलाही.

तिकडचं घड्याळ दीड तास पुढे. आईची मालिका संपेस्तोवर तुझे साडेअकरा वाजलेले असतील, तेव्हा फोन ती भाजी निवडायला बसते त्या वेळेला ठरवा.

कागद बघून ती पहिल्या दिवशी काहीच बोलणार नाही, असा माझा अंदाज आहे. दोन दिवसांनी भाजणी भाजायला घेईल. तेव्हा बॅगेच्या वजनाचा हिशेब काढत बसू नकोस.