हिंगणा एमआयडीसीत दोन शेड, तीन मेश एपी (एकमेकांना वायरलेसने जोडलेले वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंट, ८०२.११एन मानकाचे), दुसऱ्या हॉपला (एका एपीकडून पुढच्या एपीकडे जाण्याच्या टप्प्याला) वेग कोसळतो. काय बदलू?

आधी सुरक्षा बघा. टीकेआयपी किंवा वेप (जुन्या एन्क्रिप्शन पद्धती) चालू असेल तर ८०२.११एनचे वेग मिळतच नाहीत, लिंक ५४ एमबीपीएसवर अडकते. डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा. डब्ल्यूएमएम (ट्रॅफिकला प्राधान्यक्रम देणारी सोय) आणि ए-एमपीडीयू (अनेक फ्रेम एकत्र पाठवणं) दोन्ही चालू हवेत.

मग ५ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झ रुंदी, चॅनल १४९, जोड चॅनल वरच्या बाजूचा (१५३). तिन्ही एपींवर अगदी हेच. २.४ वर ४० लावू नका; तिथे तेवढी मोकळी जागाच नसते.

शॉर्ट गार्ड इंटरव्हलने (दोन सिम्बॉलमधली, म्हणजे सिग्नलच्या सलग तुकड्यांमधली, मोकळी वेळ कमी केल्याने) दोन स्ट्रीमचा (एकाच वेळी जाणाऱ्या दोन डेटा-प्रवाहांचा) लिंक-वेग २७० वरून ३०० एमबीपीएस होतो. पण तो फक्त ४०० नॅनोसेकंदांचा असतो, म्हणजे साधारण १२० मीटर जास्त फिरून आलेला सिग्नल पुढच्या सिम्बॉलमध्ये घुसतो. दोन शेडमधल्या मोकळ्या जागेत टिनाचे पत्रे नेमकं हेच करतात. रिट्राय (पुन्हा पाठवाव्या लागलेल्या फ्रेम) वाढलेले दिसले तर त्या लिंकवर तो बंद करा. १० टक्के गेले तरी चालतील.

खरी अडचण बहुधा वेगळी आहे: बॅकहॉल (एपी-एपीमधली जोडणी) एकाच रेडिओवर असेल तर प्रत्येक हॉपला वेग जवळपास निम्मा होतो. मधल्या एपीला कॅट-६ केबल ओढा, १०० मीटरच्या आत.