अमेरिकेचा टॅक्स फॉर्म बघून घाबरू नका

प्रश्न : सर, मी नाशिकला राहतो, एकट्यानेच एक ॲप बनवलंय. स्टोअरवर पैसे घ्यायला गेलो तर अमेरिकेचा टॅक्स फॉर्म भर म्हणतात. मी तर कधी तिकडे गेलोही नाही, मग मला कशाला?

उत्तर : अहो, तुम्ही तिकडचे नाहीत हेच तर तो फॉर्म सांगतो. स्वतःच्या नावावर काम करत असाल तर डब्ल्यू-८बेन भरायचा, कंपनी काढली असेल तर डब्ल्यू-८बेन-ई, आणि डब्ल्यू-९ ला हातच लावू नका, तो अमेरिकन लोकांसाठी आहे. फॉर्म पैसे देणाऱ्या कंपनीकडेच राहतो, तिकडच्या टॅक्स ऑफिसला पाठवायचा नसतो.

खरी मेख आहे ती ट्रीटीच्या, म्हणजे दोन देशांमधल्या कर कराराच्या रकान्यात. तो कोरा सोडला तर तिकडच्या रॉयल्टीवर (वापराच्या हक्कापोटी मिळणाऱ्या पैशावर) सरळ ३० टक्के कापतात, म्हणजे १०० डॉलरमागे ३०. भारत-अमेरिका कराराच्या कलम १२ प्रमाणे हा दर साधारण १५ टक्के आहे, पण तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही! फॉरेन टॅक्स नंबरच्या जागी आपला पॅन चालतो, अमेरिकेचा नंबर काढून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. नाव पॅनवर आहे तसंच लिहा. तारखेत महिना आधी येतो, ५ मार्च म्हणजे ०३-०५, इथे खूप जण चुकतात.

सही केलेल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला फॉर्म संपतो, मग परत भरायचा. आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, म्हणजे १०४२-एस फॉर्म, जपून ठेवा हं, इथे रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट, म्हणजे इथल्या टॅक्समधून वजावट, मागता येतं, सीएला आधीच दाखवा.